शुद्धिपत्र

सकाळी अकराला शेठ म्हणाले, धूर लिहू नको.
धूर म्हटलं की बँकवाल्यांच्या नाकात जातो.
वाफ लिही. वाफ चहातूनही निघते.

साडेबाराला भट्टीवरचा इलियास,
कोपरावरच्या जुन्या डागांवर बाही ओढत:
"मॅडम, बंद-बिंदचं काही लिवू नका.
भट्टी पंधरा दिवस थंडी, तर चूलबी थंडी.
मास्कचं तेवढं लिवा.
फडक्याचं नको, ते चांगलंवालं."

जेवण उरकत होते तेवढ्यात शिवारातले लिंबाजी गिराम आले.
बसले नाहीत.
खिशातून एक मोसंबं काढलं, डोक्यावरची टोपी काढली,
आणि पांढऱ्या टोपीनं ते मोसंबं
लेकराचं तोंड पुसावं तसं पुसलं.
टोपी माझ्यासमोर धरली.
"व्यापारी म्हनतो, धुऊन आना.
झाडं धुता येतेत का, बाई?
भरपाईचा सबूद टाका. आकडा नका टाकू,
भावकीत भांडनं लागतेत."
मोसंबं टेबलावर राहिलं.

मंडळाच्या साहेबांचा फोन:
आमचं नाव शेवटच्या ओळीत. नसलं तर उत्तम.

आणि डोईफोडे, सायंदैनिकाचे:
"ताई, आठच ओळी. नववी जाहिरातीखाली जाते.
आणि जाहिरात तुमचीच आहे."

माझ्या मुलीनं शाळेत आईचा व्यवसाय लिहिला होता:
आई कुणालाच लागू नये असं लिहिते.
बाईंनी बरोबरची खूण केली.

वडील जालन्याच्या मोंढ्यात मापाडी होते.
काटा मधोमध आला की हात काढून घ्यायचे,
दोन्ही बाजूंना दिसावं म्हणून एक पाऊल मागे सरायचे.
पण पोत्यामागे थोडा कडता जायचाच.
लहानपणी विचारलं होतं, तो कुणाचा?
म्हणाले, रिवाजाचा.
मीही रोज काढते.
'जळजळ'मधून एक जळ काढते,
'दोन वर्षांपासून'चं 'काही काळापासून' करते,
खाली सांडलेलं कुणी झाडून नेतं की नाही
बघत नाही.

माझ्या गच्चीवर परवा कुरडया वाळत होत्या.
संध्याकाळी सासूबाईंनी त्या उचलल्या,
फुंकर मारली, परत मारली,
मग काही न बोलता डबा बंद केला.
त्याही एक बाजू आहेत. त्यांनी काहीच मागितलं नाही.

सहा चाळीसला बातमी पाठवली.
ना धूर, ना वाफ.
लिहिलं: तांत्रिक कारणामुळे, तात्पुरते, सहकार्य, सर्व घटक.
आणि आठव्या ओळीत, गोड शेवट हवा म्हणून:
परिसराची काळजी कंपनी यापुढेही कायम ठेवील.

दुसऱ्या दिवशी छापून आलं:
परिसराची काजळी कंपनी यापुढेही कायम ठेवील.

शेठचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.
मंडळाचे साहेब खूश, त्यांचं नाव कुठंच नव्हतं.
लिंबाजींनी स्टँडवरून अंकाच्या पाच प्रती नेल्या म्हणे.
चहावाल्यानं मला पैसे नको म्हटलं,
आणि का नको, ते सांगितलं नाही.

डोईफोड्यांच्या ऑपरेटरला झापायला मी फोन उचलला.
ठेवला.
पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन बघितलं.
ऑपरेटर निर्दोष.
ळ आणि ज यांची जागा
माझ्याच बोटांनी बदलली होती,
झोपेत कूस बदलावी इतक्या सहज.

थोडं हसूही आलं, खोटं का बोलू.
दिवसभर मी जरा ताठ चालले.

पाळी सुटल्यावर फाटकाशी इलियास भेटला.
त्याला मराठी वाचता येत नाही.
घडी केलेला अंक पुढे करून म्हणाला,
"मास्कचं कुठाय, दाखवा ना मॅडम."

ते नवव्या ओळीत होतं.

आता शुद्धिपत्र लिहायला बसलेय.
दोन ओळींची जागा मिळालीय.
पहिली झाली: कालच्या अंकातील वृत्तात
'काजळी'ऐवजी 'काळजी' असे वाचावे.
दुसरीवर बोट ठेवून आहे.
मोसंबं अजून टेबलावरच आहे, एका बाजूनं पुसलेलं.
डोईफोडे विचारतायत,
"ताई, पान लावायचंय.
झालं का?"