नऊ नंबर

पडद्यावरच्या लोकांची पावलं वाजवायची, हा माझा धंदा.
ओशिवऱ्याच्या तळघरात, एसीच्या गारठ्यात,
वाळूच्या ट्रेमध्ये, फरशीच्या तुकड्यावर
मी चार गोष्टी चालले.
दिग्दर्शक चार, सिनेमा एक,
पाय मात्र सगळ्यांना माझेच.

पहिलीतली नर्स रात्रपाळीहून घरी येते.
"थकवा टाचेत हवा," सबनीस म्हणाले.
भरला.
दुसरीच्या बाईंना काहीच नको होतं.
नायिका वरळीच्या समुद्राकडे पाठ करून निघते,
पावलं ऐकू येता कामा नयेत, म्हणाल्या.
तरी चालावं लागलंच. ऐकू न येण्यासाठीही
आधी कुणीतरी चालावं लागतं.

तिसरीत एक म्हातारा. तीन जिने चढतो,
मुलाच्या दारात थांबतो,
बेल न वाजवता उतरतो.
पोत्यातल्या साठ जोड्या उपसल्या,
लग्नातल्या मोजड्या, रबरी सपाता, हवालदाराचे बूट.
एकाचंही तेवढं वय होईना.
मग घरून पप्पांचे कॅनव्हासचे आणले.
नऊ नंबर. माझा पाच. पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबला.
उजवी टाच आतून झिजलेली,
गोदीत माल मोजताना
तीस वर्षं ते एकाच पायावर भार टाकून उभे.

झिशाननं हेडफोन काढला.
"ताई, माझा ॲक्टर लंगडत नाही."
म्हटलं, बूट लंगडतोय.
त्यानं परत ऐकलं. परत.
मग दोन चहा मागवले आणि म्हणाला, राहू दे.

चौथीत तसं काम नव्हतंच.
एक जोडपं जेवतंय, भांडण संपलेलं, पोळ्या गार.
दिग्दर्शिका पोरसवदा, पहिलीच फिल्म,
म्हणाली, बाहेर पॅसेजमधून कुणीतरी जाऊ दे.
कोण?
"कुणीही. शेजारचं."
बूट अजून पायातच होते.

तर असं झालं,
तिसऱ्या गोष्टीतून बेल न वाजवता उतरलेला माणूस
चौथीतल्या परक्या मजल्यावरून चालत गेला.
चौघांपैकी एकालाही पत्ता नाही.

माटुंग्याला आईला घेऊन गेले, दुपारच्या खेळाला.
मोतीबिंदूमुळे पडदा तिला नुसता धूर.
पहिल्या गोष्टीत घोरली.
दुसरीत विचारलं, आवाज गेला का गं यांचा?
तिसरीत कधीतरी
पॉपकॉर्नची पिशवी चुरगाळायची थांबली. मी बघितलं नाही तिच्याकडे.
चौथीत ते दोघं जेवत होते,
गार पोळीचा तुकडा मोडत,
बाहेरून पावलं गेली
आणि आई पडद्याकडे नाही,
थिएटरच्या दाराकडे वळली.

"किल्ली नेली नाही वाटतं,"
म्हणाली,
हळूच, पुढच्या रांगेला त्रास नको म्हणून.