लेटमार्क

बत्तीस वर्षं मी समुद्राचे आकडे टंकले
बॅलार्ड पिअरला, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीकडे पाठ करून.
भरती एक त्रेपन्न, चार पूर्णांक दोन मीटर.
ओहोटी आठ बारा, शून्य पूर्णांक सात.
खालून बोटींचे भोंगे यायचे,
मी म्हणायची, दार लावा जरा, चुकतंय माझं.

हजेरीपटही माझ्याकडेच होता.
बस्त्याव किणी, शिपाई, राहणार मनोरी.
महिन्यात चार-पाच दिवस हमखास उशिरा,
पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपला पिशवीत.
मी लाल शाईनं गोल करायची.
तीन गोलांना एक किरकोळ रजा.
तो कधीच काही बोलला नाही.
ख्रिसमसच्या आठवड्यात मात्र
टेबलावर सुक्या बोंबलांची पुडी ठेवून जायचा,
आणि फायलींना वास लागतो म्हणून मी ती
घरी जाईपर्यंत जिन्याखाली ठेवायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी
मी मार्व्याच्या धक्क्यावर उभी राहिले, पहिल्यांदाच.
मुंबईत जन्मले, मुंबईत पिकले,
आणि ही खाडी पलीकडून बघायची राहून गेली होती.
पलीकडे तिवरांची काळपट हिरवी रांग,
तिच्यामागे माड, एक पांढरा क्रूस,
आणि मधे पाणी असायला हवं तिथे
चिखल. लखलखीत, ओला, श्वास घेणारा.
निवट्या उड्या मारत होत्या त्यावर
सुट्टीच्या दिवशी शाळेत शिरलेल्या पोरांसारख्या.
एक बगळा, एक ढोकरी,
आणि वाकड्या चोचीचा कुणी पाहुणा
चिखलाला टाके घालत चालला होता.

होडी पलीकडे टेकलीच नाही.
चाळीस पावलं अलीकडे थांबली.
तांडेल म्हणाला, आज तीज ना मावशी,
बीज-तीजेला सकाळी असंच. उतरा.

बीज-तीजेला.
मी तिथेच, एक पाय होडीत, एक पाय बाहेर,
तो सगळा हजेरीपट आठवला.
शुद्ध बीज, शुद्ध तीज. वद्य बीज, वद्य तीज.
पंधरा-पंधरा दिवसांनी लाल गोल,
इतके नेमाचे, की त्यांच्यावरून
चंद्र कुठे आहे ते सांगता आलं असतं.
एका खणात माझं भरतीचं कोष्टक,
दुसऱ्या खणात तेच, माझ्याच अक्षरात, लाल शाईत.
दोन्ही खणांची किल्ली एकच होती.

मावशी, उतरताय ना?

चिखल गुडघ्याच्या वर आला.
कोमट होता, त्याची मला कल्पना नव्हती.
एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन
माझ्या बाजूनं निघून गेली, पाऊल कुठे टाकायचं
ते मागे न बघता मोठ्यानं सांगत.
तिवरांच्या मुळांशी कोल्ह्याची पावलं होती, ताजी.
तिनंच दाखवली. म्हणाली, हा रोजचा आहे.

बस्त्याव ओट्यावर बसला होता.
पाठीमागे वलांडीवर बोंबील,
वाऱ्यात एकमेकांना घासत.
माझ्या साडीकडे बघून त्यानं
अंगठा एकेका पेरावरून फिरवला,
तिथीची पाऊणपट, त्यात सहा मिळवले,
आणि म्हणाला, सव्वाआठाला खडखडाट.
मी म्हटलं, आठ वीस. छापलंय.
असेल, तो म्हणाला.
वाद नको होता कुणालाच.

बोलायचं ते मी घरून जुळवून आणलेलं नव्हतं,
चिखलात सुचलं होतं, आणि चिखलातच राहिलं.
त्याची सून फिलू तांब्या घेऊन आली.
त्यानं तो तिच्या हातून घेतला,
आणि माझ्या पायांवर स्वतः पाणी ओतलं,
बारीक धारेनं, विहीर खारट होत चालल्याच्या तक्रारी करत.

दुपारी पाणी भरलं. होडी धक्क्याला लागली.
डाव्या अंगठ्याच्या नखाखाली
थोडा चिखल गुरुवारपर्यंत होता.