उदाची भिशी

गुजरीत सोन्याची असते, बायकांची साड्यांची असते,
तालमीत थंडाईच्या बदामाची असते म्हणतात.
आमची उदाची.
सहा जण, महिन्याला हजार,
आणि अमावास्या सरल्यावरच्या गुरुवारी
इलाहीचाचा अत्तारांनी दुकानाचं शटर
गुडघ्याएवढं खाली ओढलं की
आम्ही वाकून आत.

चिठ्ठी निघण्याआधी काडी फिरते.
काचेची काडी, टोकाला
काकवीहून दाट, काळपट, एवढंसं काही.
"मनगटं घासायची न्हाईत," चाचा दर वेळी,
"चिरडतोय त्यो."
मग कोणी बोलत नाही. पंखासुद्धा बंद.

पहिलं वाक्य निवासचं ठरलेलं:
"आयला, गोठाच की ओ!"
उद्यमनगरात मोल्डर, नाकात बारा तास जळकी वाळू,
तरी त्यालाच आधी कळतं.
आण्णासो मगदूम डोळे मिटून थांबतात.
गुळाच्या सौद्यात उभी हयात गेली,
घाईनं भाव सांगत नाहीत.
"गोठा हाय," म्हणतात, "पण म्हस आत्ताच उठून गेलीया.
जागा अजून गरम हाय."
पेटी दुरुस्त करणारे वसगडेकर बोट वर करतात:
थांबा, हा नुसता खर्ज,
वरचे सूर यायचेत अजून.

मी रक्त-लघवी तपासणारी.
आठवडाभर झाकलेलं नाक गुरुवारी उघडते.
बुरशी मी काचेवर रोज बघते, म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना:
अगराचं झाड धडधाकट असलं तर बिनवासाचं,
पांढरं, चुलीच्या लायकीचं.
किडा भोक पाडतो, बुरशी शिरते,
आणि झाड वर्षानुवर्षं त्या जखमेवर
काळा चीक ओतत राहतं.
निवास हसला. "आमच्यात भोक पडलं
की अख्खं कास्टिंग रिजेक्ट."

परसू मात्र काही म्हणायचा नाही.
सगळे म्हणायचे, यात कातडं आहे, आहे ना?
तो चप्पल लाईनीतला,
आपली बोटं हुंगायचा आणि मान हलवायचा.
हो की नाही, कधी कळलं नाही.

माघात चिठ्ठी त्याची निघाली.
आसामचा पाव तोळा, जुना,
खिशावर हात ठेवून घेऊन गेला.
पुढच्या गुरुवारी पाच जोड घेऊन आला,
कापशी, करकर वाजणाऱ्या.
"आणि बाटली?"
"घातली."
"कुठं?"
"दोन पदरांच्या मधी. शिवायच्या आधी."

चाचांनी हातातली काडी खाली ठेवली.
"पायात?"
तेवढंच.
मग उठून शटर पूर्ण वर ढकललं,
रस्त्यावरचा उजेड, रिक्षा, भज्यांचं तेल
सगळं एकदम आत आलं.
परसू उभ्याउभ्या म्हणाला,
"चाचा, कातड्यालाबी वास हाय.
त्यो कुणी मनगटाला लावत न्हाई.
म्हटलं, दोघांची गाठ घालून द्यावी."

दोन महिने भिशी नाही.
मी जोड वापरला. काही नाही.
तपासणीच्या टेबलाखाली वाकून
तळवा नाकाला लावून पाहिला, कोणी बघत नाहीसं बघून.
नुसतं चामडं, तेल, धूळ.
वसगडेकर फोनवर म्हणाले,
वाया गेलं हो, सहा हजारांचं.

वैशाखात, बिंदू चौकात, दुपारी अडीचला,
डांबर मऊ झालेलं,
हातात नमुन्यांचा डबा, पुढून ट्रॅक्टर सरता सरेना,
मी उभी.
आणि खालून, पदराच्या काठाकाठानं,
आधी गोठा.
मग ती गरम जागा.
मग ज्याला अजून आमच्यात कोणी नाव दिलेलं नाही ते.
ट्रॅक्टर गेला. पोलिसानं शिट्टी मारली, दोनदा मारली.

निवासला म्हणे भट्टीपाशी आला.
आण्णासो कबूल करत नाहीत,
पण सौद्यात हल्ली उन्हातच उभे राहतात.

चाचांचा जोड अजून कागदात आहे.
कागद रोज सुटतो, रोज बांधला जातो,
सुतळीला घड्या पडल्यात.

आज निरोप आला, गुरुवार.
शटर गुडघ्याएवढं खाली.
बाहेर परसूच्या चपला दिसत नाहीत.
मी वाकते, आणि तशीच थांबते:
या बाहेर काढायच्या
की आत न्यायच्या?