भाग क्रमांक चाळीस

निवडणूक शाखेत मी लागलो तेव्हा
खालच्या कप्प्यात पहिली यादी होती,
वाळवीनं एका कोपऱ्यात चाखलेली.
निंबखेडं, पांझरेच्या पलीकडे.
राज्य मुंबई. घरं एकशे अकरा.
सुपडू, उखर्डू, दगा, झिपरू,
नजर लागू नये म्हणून ठेवलेली नावं
सरकारनं जशीच्या तशी उतरवून घेतलेली.
बायकांना मात्र नावच नाही.
दगाची बायको. झिपरूची आई.
त्यांच्यावरून लाल रेघ, आडवी.

कौतिकबाई सांगायच्या,
कारकून दारात आला, मी आतूनच म्हटलं,
"त्यास्नं लिखी ल्या, मन्हं काय!"
पुढच्या खेपेला तो आला
तर त्या ओट्यावर येऊनच बसलेल्या.
"कौतिक. लिखा. काना-मात्रा ईसरू नका."

मग शहर नदी ओलांडून आलं.
कपाशीच्या रानात आधी चुन्याच्या रेघा,
मग बिनशेती, मग प्लॉट,
शिक्षक कॉलनी, एसटी कॉलनी,
एक जलकुंभ, ज्यात पाणी सोडून सगळं होतं.
मतदारसंघ तरी बरीच वर्षं ग्रामीणच.
उमेदवार बैलगाडीत उभे राहून फोटो काढत
आणि लोक विचारत, नळ किती वाजता?

पुनर्रचनेचा नकाशा मीच चिकटवला
तहसीलच्या फळ्यावर, खळ जास्त झाली,
आमच्या गावावर सुरकुती आली.
हरकती तीन.
एक कौतिकबाईंची. अंगठा नाही, सही.
"रेघ नाल्यानं नेली.
माझं घर शहरात, गोठा ग्रामीणमध्ये.
म्हशीनं कोणाकडे जायचं?"
मी हसलो आणि आवक क्रमांक टाकला.
वरून उत्तर आलं, एका ओळीचं.
ते द्यायला मी गेलो नाही, शिपायाला पाठवलं.

नाल्यावर आता स्लॅब आहे,
स्लॅबवर रस्ता, रस्त्यात खड्डा,
बरोबर मधोमध.
इकडचे आमदार म्हणतात तिकडचा,
तिकडचे येतच नाहीत.
पोरं त्यात झाडाची फांदी रोवतात,
पावसाळ्यात तिला पालवी फुटते.

यंदा यादी चाळायला मला पुन्हा बोलावलं,
निवृत्त माणूस, रोजंदारीवर.
भाग चाळीस, अनुक्रमांक सहाशे बारा,
नावावर तिरपा शिक्का: वगळले.
लाल रेघ गेली, आता संगणक मारतो.
मी चष्मा पुसला
आणि शिक्क्याखालचं नाव बोटानं वाचलं.
काना, दोन मात्रा, वेलांटी.
सगळं जागेवर होतं.