मधोमध

भुसावळच्या रेल्वे बंगल्यातलं जुनं सामान लिलावात निघालं
तेव्हा आप्पांनी हे उचललं. सव्वाशे रुपये,
आणि लोको शेडमधल्या दोघांचे खांदे.
ओतीव काशाचं, परातीहून खोल.
काठावरून द्राक्षवेल,
दोन्ही कानांना शेळीच्या पायांची
हसणारी माणसं.

"हे टेबलाच्या मधोमध ठेवतात," आप्पा म्हणाले.
"मंग आधी टेबल आना," आई.
आमच्याकडे पाट होते. चार. एक हलणारा.

मग त्यात उडीद भिजले.
बामणोदची वांगी आली, हिरवीगार, देठासकट.
एकदा पंक्चर शोधायला सायकलची ट्यूब बुडवली,
बुडबुडे नेमके त्या हसऱ्याच्या दाढीपाशी.
चिंचेनं घासताना आई त्याला विचारायची,
"दात काय काढतो रे मेल्या?"
पानांच्या खोबणीतलं काळं
कधीच निघालं नाही.

टेबल आलं ते आप्पा गेल्यावर,
भावाच्या हप्त्यांवर.
भांडं मधोमध ठेवलं
आणि समोरची आई दिसेनाशी झाली.
वेलीखाली नुसते हात,
कळण्याची भाकरी मोडणारे.

भाऊ म्हणाला, काढू का?
"राहू दे," पलीकडून आवाज.
"समोर कोन बसेल हाय
ते दिसत नाही.
बरं वाटतं."

मालगाडी गेली. भांडं जरासं वाजलं,
वाजत राहिलं.
मी माझं ताट उचललं
आणि आवाज न करता
बाजूच्या खुर्चीवर सरकले.