चिमठाण्यापर्यंत

पुण्याच्या ऑफिसात नकाशावर दोन वर्तुळं होती.
लालात माणसं लाख-सव्वा लाख,
निळ्यात सहा,
शिवाय दुचाकींची शोरूमं, दोन मोठी हॉस्पिटलं,
सराफांची अख्खी गल्ली.
टेबलापलीकडची मुलगी म्हणाली,
सर, लाल पुसून टाकते, गोंधळ नको.

टॉवर उचलायचा म्हणजे
एकशेवीस फूट लोखंड नट-नट सोडवत खाली आणायचं.
कौतिक बागुल वर चढला,
कमरेला पट्टा, पाना दातात धरलेला.
अर्ध्या तासानं ओरडला,
साहेब, इथून तापी दिसते.
म्हटलं, बघून घे.

बारा वर्षं त्या टेकडीवर मी डिझेल वाहिलं.
पत्र्याच्या खोलीत तीनशे वॉटचा डबा,
लग्नातला डीजे याहून जास्त वीज खातो.
पण दुपारी दोनला निर्मला भामरे
माइकपुढं बसून म्हणायची,
काय चाली राह्यनं बहिणीसहोन,
आणि खाली दोंडाईच्यात
मिरचीच्या पथारीवर देठ खुडणाऱ्या बायका
प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या रेडिओचं बटण
मनगटानं फिरवायच्या.
बोटं कुठंच लावायची नसतात त्या कामात.
डोळ्याला नाही, लेकराला नाही, रेडिओलाही नाही.

आता अँटेना धुळ्याकडं तोंड करून उभा आहे.
निर्मलाला सांगितलंय, अहिराणी जरा कमी,
हिंदी चालेल मधूनमधून.
ती चालवते. घरभाडं धुळ्याचं आहे.

माझं काम राहिलं होतं,
मीटर घेऊन जुन्या रस्त्यानं जायचं
आणि आवाज कुठं संपतो ते लिहायचं.
देवपुरात खणखणीत.
नगावबारीला चांगला.
पुढं कपाशी लागली, तरी समजत होतं.
चिमठाण्याला बुराईचा पूल ओलांडला
आणि निर्मलाच्या वाक्यात वाळू शिरली.
एका बाभळीपाशी क्रियापद गेलं.
पुढच्या वळणावर नुसतं "भाऊ" उरलं,
मग तेही नाही.
गाडी बाजूला घेऊन किलोमीटर लिहिला.
तिथं काहीच नव्हतं,
एक बंद रसवंती, आणि तिच्या सावलीत बसलेलं कुत्रं.

दोंडाईच्याला जायची गरज नव्हती.
गेलो.

बायजाबाई मालचेनं मला पाहिलं,
टोपलीखालून रेडिओ काढला.
भाऊ, तुमना आवाज कथा गया?
दोनदा सेल बदलले तिनं.
एकदा नवापूरच्या भाच्याकडून,
एकदा रोजातले पैसे मोडून.
मी सेट हातात घेतला,
एरियल पूर्ण ओढली, डावीकडं, उजवीकडं,
उगाच मागचं झाकणही उघडलं,
जसं काही बिघाड आतच असणार.
मग सांगितलं तिला.
वर्तुळ वगैरे नाही, एवढंच की टॉवर हलला.
ती म्हणाली, टॉवर बी गया का धुयाले कामले?
शेजारची हसली. तिचा मुलगा तिथंच गेलेला.

मी बटण बंद करायला गेलो
तर तिनं सेट ओढून घेतला.
ऱ्हाऊ द्या खरखर.
गुपचूप बसनं ते हात जास्ती झोंबतस.

परत येताना संध्याकाळ होत आली होती.
पुलावर आधी टायरची जाहिरात आली,
मग एक सराफ,
मग निर्मला, स्वच्छ, तासाच्या ठोक्याला.
परवान्यावरचं गाव बदलता येत नाही,
म्हणून नियमानं वाचावं लागतं ते तिनं वाचलं,
आपण ऐकत आहात, केंद्र दोंडाईचा.

बटणाकडं हात नेला
आणि बोटांची आग जाणवली.
मनगटानं फिरवलं.