उजवा खांदा

पहिल्या दिवशी मी कमरेखाली उतरलेच नाही, लाजेनं.
दस्तगीरचाचा स्टुलावर, लंगोट, भिंतीवरचं घड्याळ बंद,
मागून आवटी सर : रेघ नको, वजन काढ.
वजन कसं काढतात?

चारकोल बोटांत मोडला.
डोळ्यांपासून सुरू केलं, सगळेच करतात तसं,
मग मान, मग दोन्ही खांदे
कवायतीतल्यासारखे, एका पातळीत.

वीस मिनिटांनी चाचा उठले, शर्ट अडकवला,
चहाचा ग्लास घेऊन माझ्या बोर्डापाशी थांबले.
"ह्यो कोण? बँकंत हाय व्हय?"

तेव्हा कुठे दिसलं :
उजवा खांदा चार बोटं खाली,
सांगलीच्या यार्डातली तीस वर्षं त्याच बाजूनं उतरलेली,
मानेच्या वळीत हळद,
अंघोळीला न जुमानणारी.

पुसायला पाव घेतला.
चाचा बघत राहिले, पावाकडे,
कागदाकडे नाही.
अर्धा दिला. चहात बुडवून खाल्ला त्यांनी
आणि जाऊन बसले परत,
पाय बरोबर खडूच्या खुणेत.

खांदा खाली येत गेला
तसं कागदावरचं स्टूल जमिनीला टेकलं.
जुनी सरळ रेघ मात्र पुरती जाईना.
राहू दे, सर म्हणाले,
सोमवारी पाठ आहे.